बोट कुठल्या ओळीवर?

मराठीच्या पेपरात अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याची जागा वेगळी आहे. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही आणि उत्तर तर समोर छापलेले असते. तरी तिथे गुण जातात. उत्तरपत्रिका तपासताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. मुलाला विषय आधीच ठाऊक असेल तर ते उतारा बाजूला ठेवून स्वतःच्या माहितीवर उत्तर लिहिते. ठाऊक नसेल तर प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात जिथे सापडतो ते वाक्य जसेच्या तसे उतरवते. वाचन दोन्ही वेळा झालेले असते, पण प्रश्नाची आणि ओळीची गाठ पडलेली नसते. म्हणून गोव्यातल्या आमच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत आम्ही सगळी तयारी एकाच सवालाभोवती बांधतो: बोट कुठल्या ओळीवर? उत्तर कितीही बरोबर असो, ओळ दाखवल्याशिवाय ते फळ्यावर जात नाही. आठवड्याला दोन तासिका, असे आठ आठवडे हे काम चालते.

पहिल्या आठवड्यात शिकवायचे काही नाही, फक्त पाहायचे. प्रत्येक मुलाला साधारण १५० शब्दांचा अनोळखी उतारा द्यायचा. एक मिनिट मोठ्याने वाचायला लावून बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. उरलेला भाग मुलाने मनात वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि काय वाचले ते सांगायचे. मग कागद सरळ करून चार प्रश्न. एका मुलाला सहा-सात मिनिटे लागतात. तीस मुलांचा वर्ग एका तासिकेत आटोपत नाही. बाकीच्यांना लेखी काम देऊन आठवडाभर हे पुरवून घ्यावे लागते. हा वेळ वाया जातो असे वाटून तो टाळला की पुढचे सात आठवडे अंधारात काम होते.

प्राथमिक वर्गांत वाचन-गणित पक्के करण्यासाठी केंद्र सरकारने आखलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. आठवीतले मूल त्याच्याही खाली असेल तर त्याला उताऱ्याची तंत्रे शिकवून उपयोग नाही. त्याचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यात संपते. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडले: आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. बेरीज असती तर एकाची तूट दुसऱ्याने भरून निघाली असती. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की सगळेच शून्य.

या पाहणीतून चार प्रकारची मुले पुढे येतात. पहिली जोडाक्षरांशी अडखळणारी. ‘वैशिष्ट्यपूर्ण’, ‘दुष्काळग्रस्त’, ‘अस्तित्व’ असे शब्द आले की ती थांबतात, आणि थांबली की वाक्याचा आरंभ विसरतात. त्यांच्यासाठी १०० शब्दांचा एकच परिच्छेद चार दिवस रोज मोठ्याने: पहिल्या दिवशी शिक्षकाबरोबर, दुसऱ्या दिवशी जोडीदाराबरोबर, मग एकट्याने. दुसरी मुले भरभर वाचतात आणि कागद पालथा घातला की चार सुटे शब्द सांगतात. पालकांना हीच मुले ‘वाचनात चांगली’ वाटतात, त्यामुळे त्यांच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते. तिसऱ्या प्रकारची मुले तोंडी सगळे बरोबर सांगतात आणि लेखी अर्धे लिहितात. चौथ्यांना फक्त वेळ पुरत नाही. या चौघांना सारखेच वीस सराव-उतारे वाटले तर चौथ्या गटाला फायदा होतो, तिसऱ्याला थोडा. दुसरा गट चुकीचीच सवय वीस वेळा घोटतो.

गोव्यात यात भाषेचा आणखी एक पदर आहे. बहुतेकांच्या घरी कोंकणी, अनेकांची चौथीपर्यंतची शाळा मराठीतून, पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम, आणि शिवाय हिंदी. कोंकणी आणि मराठी या दोन्ही देवनागरीत वाचल्या जातात, त्यामुळे ओळखीचा वाटलेला शब्द फसवतो. कोंकणीत ‘हांव’ म्हणजे मी, मराठीत ‘हाव’ म्हणजे लोभ. ‘पळय’ म्हणजे पाहा, पण मराठीत ‘पळ’ म्हटले की धावायचे. कोंकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात. मराठी उताऱ्यात ‘ते’ म्हणजे आदराने उल्लेखलेले आजोबा असतील किंवा एखादे झाड असेल. हिंदीशीही असेच होते: ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’, ‘यातायात’ हे चारही शब्द तिकडे एका अर्थाचे आणि इकडे दुसऱ्याच. सुटे विचारले तर मुले यात चुकत नाहीत, घाईच्या वाचनात चुकतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची जोडयादी ठेवायची आणि उताऱ्यात भेटेल तेव्हाच तिच्यात भर घालायची. यादी आयती दिली तर ती पाठ होते आणि तिथेच राहते.

मात्र घरची भाषा वर्गाबाहेर ठेवायला सांगणे ही मोठी चूक आहे. उतारा वाचून झाल्यावर ‘काय झालं ते आपल्या भाषेत सांग’ म्हटले आणि मुलाने कोंकणीत नीट सांगितले, तर त्याला उतारा कळला आहे. उरले ते फक्त मराठीत लिहिणे, आणि ते वेगळे काम आहे. इंग्रजीच्या पेपरातल्या उताऱ्यासाठीही पहिले दोन आठवडे चर्चा घरच्या भाषेत आणि उत्तर इंग्रजीत, असेच चालवतो.

दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्यक्ष उतारा हातात येतो. सुरुवातीला आम्ही मुद्दाम लहान उतारा घेतो. हा ९० शब्दांचा आहे:

“मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखाकडे भरतीचे खारे पाणी बरेच आत शिरते. त्यापासून जमीन राखण्यासाठी गावकऱ्यांनी पूर्वापार मातीचे बांध घातले. बांधाआडच्या या सखल शेतजमिनीला खाजन असे म्हणतात. बांधात ठिकठिकाणी पाण्याची ये-जा राखणारी मानस असते. भरतीचे पाणी मानशीची लाकडी दारे दाबून मिटवते. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना बाहेर ढकलते आणि ती उघडतात. पावसाळ्यात खाजनात कोरगूट हे भात पिकते, कारण ते थोडा खारटपणा सोसते. कापणीनंतर मात्र गावकरी मुद्दाम खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर आलेली कोळंबी आणि मासळी ओहोटीच्या वेळी मानशीपाशी जाळे लावून पकडली जाते. पावसाळ्यात बांध फुटला, तर त्या वर्षाचे पीक जाते.”

पहिले काम सर्वनामांचे. पेन्सिलीने प्रत्येक सर्वनामापासून ते ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत बाण काढायचा. इथे पाच बाण निघतात: ‘त्यापासून’, ‘त्यांना’, ‘ती’, ‘ते’, ‘त्याबरोबर’. सर्वांत जास्त चूक ‘ती उघडतात’ इथे होते. मुले ‘ती’चा बाण मानशीकडे नेतात, कारण मानस स्त्रीलिंगी आहे. क्रियापद पाहिले तर गाठ सुटते: ‘उघडतात’ अनेकवचनी आहे, मानस एकच आहे, म्हणून ‘ती’ म्हणजे दारे. मराठीत ‘ती’ हे स्त्रीलिंगी एकवचनही असते आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही. क्रियापदापर्यंत थांबल्याशिवाय निर्णय करायचा नाही. ‘त्याबरोबर’ म्हणजे खाऱ्या पाण्याबरोबर. हा बाण चुकला की मासळी कुठून आली हेच कळत नाही. दोन आठवडे फक्त हे बाण काढले तरी दुसऱ्या गटातली मुले बदलू लागतात. शिकवण्याच्या सगळ्या भागांत आम्हाला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि सराव-पुस्तिकांत तो क्वचितच असतो.

दुसरे काम वळणाच्या शब्दांचे. पण, परंतु, मात्र, तरी यांच्याभोवती त्रिकोण. कारण, म्हणून, त्यामुळे यांच्याखाली रेघ. इथे एक साधी खूण मुलांना पक्की देता येते: ‘कारण’ या शब्दाच्या उजवीकडे कारण असते, ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ यांच्या डावीकडे. ‘कारणे लिहा’ या प्रश्नात परिणाम उतरवून येणारी मुले हीच दिशा चुकलेली असतात. आमच्या उताऱ्यातला ‘मात्र’ सांगतो की इथून काहीतरी उलटे घडणार आहे: आतापर्यंत खारे पाणी बाहेर ठेवायचे होते, आता ते आत घ्यायचे आहे. त्यानंतरचा ‘मुद्दाम’ तेच पक्के करतो. खुणा एवढ्याच. महत्त्वाचे वाटते ते सगळे अधोरेखित करा म्हटले तर अर्धा उतारा रेघांनी भरतो आणि खूण करण्यात काही अर्थ उरत नाही. प्रश्नपत्रिकेवर खुणा करायची मुभा नसेल तर डाव्या हाताचे बोट ओळीखाली सरकत ठेवायचे आणि बाण मनातच काढायचे; म्हणून शेवटचे दोन आठवडे पेन्सिल काढून घेतो.

आता प्रश्न. ‘कापणीनंतर खारे पाणी आत घेतले तरी पिकाचे नुकसान का होत नाही?’ दोन गुणांच्या या प्रश्नाला वर्गात हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘कारण कोरगूट भात थोडा खारटपणा सोसते’. वाक्य उताऱ्यातलेच आहे, त्यात ‘कारण’ आहे आणि खारटपणाही आहे. तरी उत्तर चूक. खरे उत्तर प्रश्नातल्याच ‘कापणीनंतर’ या शब्दात दडले आहे: तेव्हा शेतात पीक उभेच नसते. बोट एका ओळीवर ठेवून ते मिळत नाही. एक बोट ‘पावसाळ्यात … पिकते’वर आणि दुसरे ‘कापणीनंतर’वर ठेवले की दोन ओळींच्या मधे उत्तर सापडते. अनुमानाचे प्रश्न अवघड म्हणून मुले घाबरतात. त्यांना ‘दोन बोटांचे प्रश्न’ असे नाव दिले की काय करायचे ते तरी कळते.

‘मानशीची दारे उघडमीट करायला माणूस का लागत नाही?’ यात दुसरी चूक दिसते. मुले भरतीचा अर्धा भाग लिहून थांबतात. भरतीच्या वाक्यानंतर पूर्णविराम आहे. त्याच्या पलीकडे ओहोटीचा अर्धा गुण पडलेला असतो. ‘खाजनातून गावाला वर्षभरात काय काय मिळते?’ यात भात आणि मासळी दोन वेगळ्या वाक्यांत आहेत, आणि भातावर थांबणारी मुले पुष्कळ.

ठाऊक असलेला विषय हा वेगळा धोका. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये दाखवले की बेसबॉलबद्दलचा उतारा कच्च्या वाचकांनाही चांगला कळतो, जर त्यांना तो खेळ ठाऊक असेल. खेळ न जाणणारे पक्के वाचक त्यांच्या मागे पडतात. मांडवीतल्या दिवाडी-चोडण बेटांवरच्या मुलाला खाजन सांगावे लागत नाही. डोंगराळ सत्तरी तालुक्यातल्या मुलाला कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ठाऊक असते आणि मानस नवी असते. पण दिवाडीचे तेच मूल उत्तरात लिहून येते की मानशीपाशी मासळी पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो. गोष्ट खरी आहे, उताऱ्यात नाही. ‘उताऱ्याच्या आधारे’ असे म्हटले असेल तर ती धरता येत नाही. त्याच माहितीला ‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नात मात्र पूर्ण जागा आहे. दोन्ही ठिकाणी काय चालते ते मुलांना उघड सांगावे लागते. ती स्वतःहून ओळखतील असे धरू नये.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा? यावर शिक्षकांत एकमत नाही. आमचे मत असे: प्रश्न आधी एकदा नजरेखालून घालावेत, विषय काय आणि किती गुणांचे किती एवढे पाहण्यापुरते. पर्याय वाचू नयेत, कारण चुकीचा पर्याय डोक्यात बसतो आणि मग उतारा त्याच चष्म्यातून वाचला जातो. त्यानंतर उतारा न थांबता एकदा पूर्ण. कच्च्या वाचकाला प्रश्न हातात घेऊन ओळी शोधायला लावले तर तो उतारा कधीच सलग वाचत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात, म्हणजे दहा गुणांच्या उताऱ्याला सुमारे २२ मिनिटे. त्यातली दोन प्रश्न पाहण्यात, तीन पहिल्या वाचनात, चौदा ओळीकडे परत जात उत्तरे लिहिण्यात आणि तीन तपासण्यात. मुले पहिल्या वाचनात सात-आठ मिनिटे घालवतात, कारण अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थांबतात. अडलेल्या शब्दावर प्रश्नचिन्ह करून पुढे जायचे. ‘पूर्वापार’ अडला तरी बांध घातले हे कळते. शब्दार्थाचा प्रश्न आला तरच मागे यायचे, आणि तेव्हा आधीचे व नंतरचे वाक्य मिळून अर्थ काढायचा.

चौथ्या आठवड्यापासून चौघांचे गट करतो. पालिंक्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत: एकाने पुढे काय येईल ते सांगायचे, दुसऱ्याने प्रश्न काढायचा, तिसऱ्याने अडलेले सोडवायचे, चौथ्याने थोडक्यात सांगायचे, परिच्छेद बदलला की कामेही बदलायची. यात प्रश्न काढणे सर्वांत उपयोगाचे, आणि तेच बिघडते. सगळे ‘कशाला काय म्हणतात’ असलेच प्रश्न काढतात. म्हणून नियम: निदान एक प्रश्न ‘का’चा आणि एक दोन बोटांचा. ज्या मुलाने स्वतः दोन बोटांचा प्रश्न काढला आहे, त्याला परीक्षेतला तसा प्रश्न ओळखता येतो.

लिहिण्याचे नियम थोडे आहेत. एका गुणाला एक वाक्य, दोन गुणांना दोन मुद्दे, तीनला तीन. उत्तराची सुरुवात प्रश्नातल्या शब्दांनी करायची, म्हणजे विषय सुटत नाही. ‘कसे’ विचारले असेल तर क्रम लिहायचा, ‘का’ विचारले असेल तर कारण. शीर्षक देताना ‘गोव्याची शेती’ फार मोठे होते, ‘कोरगूट भात’ फार लहान. ‘खाजन आणि मानस’ उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याला झाकते. शीर्षक तपासायची कसोटी हीच: एकही वाक्य बाहेर राहू नये.

सारांश एक-तृतीयांश, म्हणजे या उताऱ्याचा ३० शब्दांत. “खाऱ्या पाण्यापासून जमीन राखण्यासाठी गावकऱ्यांनी बांध घालून खाजने तयार केली. मानशीची दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात तिथे कोरगूट पिकते; कापणीनंतर खारे पाणी घेऊन कोळंबी-मासळी पकडतात. बांध फुटल्यास पीक जाते.” मुले पहिली तीन वाक्ये उतरवून शब्द संपवतात आणि शेवट गळतो. त्यासाठी उलटे सुरू करायला लावतो: शेवटच्या वाक्याचा सारांश आधी, मग वर चढत जायचे.

तक्ते, सूचना, जाहिराती यांवरच्या प्रश्नांना वेगळे शिकवावे लागत नाही, सराव मात्र हवा. कदंबच्या बसचे वेळापत्रक, विजेचे बिल, हवामान खात्याचा पावसाचा इशारा यांतले काहीही चालते. चूक एकच: रकान्याचे शीर्षक न वाचता आकडा उचलणे. उताऱ्यांसाठी मराठी दैनिकांतली माहितीपर टिपणे पुरतात. अग्रलेख नकोत, त्यांतले संदर्भ मुलांना पेलत नाहीत. पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय जवळ असेल तर मुलांना तिथे नेऊन उतारे त्यांनाच निवडू द्यावेत.

प्रत्येक सरावानंतर चूक कोणती ते मुलाने समासात एका अक्षराने लिहायचे: ‘ओ’ म्हणजे ओळच चुकली, ‘स’ सर्वनाम, ‘प्र’ प्रश्न नीट वाचला नाही, ‘ले’ कळले पण लिहिता आले नाही, ‘वे’ वेळ. आठव्या आठवड्यात नवा उतारा देत नाही. वही उघडून अक्षरे मोजायची. ‘प्र’ जास्त असलेल्याने परीक्षेत आधी प्रत्येक प्रश्नातल्या ‘का’, ‘कसे’, ‘कोणते’, ‘नाही’ या शब्दांवर बोट ठेवायचे. ‘स’वाल्याने पहिल्या वाचनात फक्त बाण काढायचे. ‘ले’वाल्याने शेवटची तीन मिनिटे राखून मुद्दे आणि गुण जुळवायचे. ‘वे’वाल्याने मनगटावरचे घड्याळ काढून बाकावर समोर ठेवायचे आणि पाचव्या मिनिटाला पहिले उत्तर लिहायला घ्यायचे, उतारा पूर्ण कळला नसला तरी.